कामावर जाताना लोकलमधून पडून मृत्यू: ईएसआयसी, रेल्वे, की दोन्ही?

खारीचा_वाटा | ९ डिसेंबर २०२५, रात्री ११:४०

मंडळी, मी विधी सेवा प्राधिकरणाची पॅरालीगल व्हॉलंटियर. वकील नाही. आमचं काम म्हणजे माणसाला बरोबर खिडकीपर्यंत नेणं आणि तिथून त्याला हाकलून दिलं तर परत नेणं. सध्या एका बाईंसोबत फिरतेय. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

नवरा ३६ वर्षांचा. घर कांजूरमार्गला, काम लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छापखान्यात, बाइंडिंगला. नऊ वर्षं नोकरी. सप्टेंबरात सकाळच्या शिफ्टला जाताना गर्दीच्या गाडीतून पडला आणि गेला. मागे बायको आणि सात व चार वर्षांची दोन मुलं. आईवडील आधीच वारलेले. पगार हातात २० हजार, पण स्लिपवर १५, बाकीचे पाकिटातून. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) आणि पीएफ दोन्ही कापले जात होते, एवढं बरं.

आता अडचणी. मालक म्हणतो, "अपघात माझ्या गेटच्या आत झालाय का? मग ईएसआयसीचा काय संबंध?" अपघाताचा फॉर्म १२ भरायला तयार नाही. वर दीड लाख देतो म्हणतोय, 'माझं कंपनीकडून काहीही येणं नाही' अशा कागदावर सही केली तर. दुसरं, तेराव्याच्या आत एक गृहस्थ घरी येऊन गेले: रेल्वेचे आठ लाख काढून देतो, पंचवीस टक्के माझे. तिसरं, पीएफला नॉमिनी म्हणून मोठ्या भावाचं नाव आहे, लग्नाआधी टाकलेलं. दीर चांगला आहे, स्वतः सोबत येतो, पण कोणीतरी सांगितलंय की कोर्टातून वारस दाखला आणल्याशिवाय एक पैसा मिळणार नाही.

ही कामं केलेल्यांनी सांगा, आधी काय करू?

---

लेटमार्क | १० डिसेंबर, सकाळी ७:१२

वाचून सुन्न. जूनमध्ये मुंब्र्याजवळ दोन गाड्यांतली माणसं पडली तेव्हा चार दिवस सगळे ओरडले. त्यानंतर माझ्या ८:०४ मध्ये तर काही फरक दिसला नाही.

---

काळा_डगला | १० डिसेंबर, सकाळी ८:३०

@खारीचा_वाटा, कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका. हे सगळ्यात आधी, बाकी नंतर.

गेटचं म्हणाल तर मालक पंधरा वर्षं जुना कायदा सांगतोय. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने फ्रान्सिस डी'कोस्टा प्रकरणात म्हटलं होतं की कामावर जाताना रस्त्यात झालेला अपघात ही 'एम्प्लॉयमेंट इंज्युरी', म्हणजे नोकरीमुळे झालेली इजा, नव्हे. तेव्हा तो बरोबर ठरला असता. पण २०१० मध्ये ईएसआय कायद्यात ५१-ई हे कलम घातलं: घरून कामावर जाताना किंवा काम संपवून घरी येताना झालेला अपघात नोकरीतूनच उद्भवला असं धरायचं, फक्त अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला पाहिजे. जुलै २०२५ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात हे कलम मागच्या तारखांनाही लावलं, आणि तेही जुन्या नुकसानभरपाई कायद्याखाली. वॉचमन पहाटेच्या ड्युटीला मोटरसायकलवरून चालला होता, कारखान्यापासून काही किलोमीटर अलीकडे गेला. अपघात २००३चा. म्हणजे बावीस वर्षांनी.

फॉर्म १२ मालकाने भरला नाही म्हणून क्लेम मरत नाही. वहिनींनी स्वतः शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा, आश्रितांच्या लाभासाठी फॉर्म १५, आणि त्यात स्पष्ट लिहायचं की मालकाला कळवलंय, तो रिपोर्ट देत नाही. पोच घ्या. तोंडी सांगून आलात तर कोणी आलंच नव्हतं असं धरलं जातं. चौकशी करणं कार्यालयाचं काम. क्लेम बारा महिन्यांच्या आत गेलाच पाहिजे, नाहीतर पुढे विमा न्यायालयात आधी उशिराचंच भांडण लागतं.

(२१ नोव्हेंबरपासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून मी जुनी कलमं सांगतोय. काउंटरवर कोणी 'आता तो कायदाच नाही' म्हणालं तर घाबरू नका.)

---

लालबागचे_आजोबा | १० डिसेंबर, सकाळी १०:०५

डगलेसाहेब, मुंबईची एक जुनी केस राहिली. बेस्टचा ड्रायव्हर, जोगेश्वरी डेपोत ड्युटी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. ती बस उभ्या लॉरीला धडकली, माणूस गेला. ते १९५७ साल. बेस्ट म्हणाली ड्युटी संपली होती. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये बायकोच्या बाजूने निकाल दिला, कारण शहरभर पसरलेली बससेवा हीच त्याची कामाची जागा. आम्ही युनियनमध्ये ही केस तोंडपाठ म्हणायचो. गिरणीतल्यांना ती तशी लागू होत नव्हती, कारण गिरणी काही आम्हाला घरी सोडायला येत नव्हती!

आणि ताई, तुम्ही वकील नाही म्हणून दबकू नका. ईएसआयच्या न्यायालयात नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीसुद्धा लेखी अधिकारपत्र घेऊन उभा राहू शकतो, कलम ७९. आमच्यातले दोघेतिघे त्यावरच आयुष्यभर उभे राहिले, एकाचंही शिक्षण मॅट्रिकच्या पुढे नव्हतं.

---

स्वराली_म | १० डिसेंबर, दुपारी १:२०

मी रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलची कामं करते. सगळे कायद्यावर बोलताहेत, मी कागदावर बोलते.

पहिला प्रश्न: पंचनाम्यात काय आलंय? गाडीतून पडून, की रूळ ओलांडताना? रेल्वे कायद्याच्या कलम १२३ मध्ये प्रवासी गाडीतून चुकून पडणं ही 'अनपेक्षित घटना' आहे आणि १२४-ए खाली त्याची भरपाई मिळते, मग रेल्वेची चूक असो वा नसो. मृत्यूला ८ लाख, हा दर १ जानेवारी २०१७ पासूनचा. रूळ ओलांडणारा मात्र प्रवासीच धरला जात नाही. दोन स्टेशनांच्या मध्ये सापडलेल्या माणसाबद्दल पुष्कळदा पाहिलेलं कोणीच नसतं, आणि मग सोपं ते लिहिलं जातं. हेच कागद ईएसआयसीही मागणार. तिथे 'रूळ ओलांडताना' असेल तर मालकाला आयतं मिळालं.

म्हणून आजच रेल्वे पोलिसांकडून अकस्मात मृत्यूच्या नोंदीचे सगळे कागद मागा: स्टेशन मास्तरचा मेमो, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा पंचनामा), पोस्टमॉर्टेम, जबाब. मेमो सगळ्यात आधीचा असतो म्हणून सगळ्यात मोलाचा. त्यात गार्डने किंवा मोटरमनने 'प्रवासी पडला' असं कळवल्याची वेळ असेल तर ती वेळ, गाडीची वेळ आणि शिफ्टची वेळ एकाच कागदावर मांडा. ट्रायब्युनल असो की ईएसआयसी, तुमची निम्मी केस त्या कागदात आहे.

पास सापडला का? नसेल तरी थांबू नका. २०१८ च्या रीना देवी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अंगावर तिकीट मिळालं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं म्हणता येत नाही. नातेवाइकांनी आधी शपथपत्र द्यायचं, मग सिद्ध करायची जबाबदारी रेल्वेवर जाते. दारात उभा होता हा निष्काळजीपणा, असंही रेल्वे म्हणते. त्याच निकालाने तेही निकालात काढलंय. ८:०४च्या माणसाला विचारा, दारात कोण हौसेने उभं राहतं.

मुदत एक वर्ष.

---

खारीचा_वाटा | १० डिसेंबर, दुपारी ३:५५

पास मोबाईलवर होता, मोबाईल फुटला. पण यूटीएसचं (रेल्वेच्या तिकीट ॲपचं) खातं त्याच नंबरवर आहे, सिम बदलून घेता येईल. पंचनाम्यात 'गाडीतून पडून' आहे. मेमो अजून मिळालेला नाही, मागते.

पंचवीस टक्केवाल्याचं काय करू? वहिनी म्हणतात, निदान तो घरी तरी आला.

---

काळा_डगला | १० डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

तो वकील असेल तर निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. वकील नसेल तर तो दलाल. वहिनींना वकील फुकट मिळतो: विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. हे तुम्हालाच जास्त माहीत.

---

भिडू_वांद्रे | १० डिसेंबर, संध्याकाळी ६:४४

साहेब, पुस्तकात ठीक. फुकटचा वकील तारखेला येतो का हो? माझ्या मावशीच्या केसला जो मिळाला होता त्याचा फोन लागेपर्यंत मावशीचा धीर संपला. टक्केवारीवाला निदान स्वतःच्या पैशासाठी तरी पळतो.

---

स्वराली_म | १० डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

@भिडू_वांद्रे, तक्रार खरी आहे. पण पळण्याची दिशा बघा. टक्केवारीवाला एकरकमी पैशाकडेच पळणार, कारण त्याचा वाटा त्यातूनच निघतो. महिन्याला येणाऱ्या पेन्शनमधून त्याला काही कापता येत नाही, म्हणून तो ईएसआयसीचं नावच काढत नाही. या घरासाठी मोठी रक्कम कुठे आहे ते कोणी मांडलंय का अजून?

---

आकडेमोड | १० डिसेंबर, रात्री ९:१५

मी मांडतो. (पेशाने पगारपत्रकवाला, ही गणितं रोजची.)

आश्रितांचा लाभ सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के. ईएसआयसीला कळवलेला पगार १५,०००, म्हणजे ढोबळ रोजचे ५००. त्याचे ९० टक्के ४५०, महिन्याला १३,५००. वाटणी अशी: विधवेला पूर्ण दराच्या तीन पंचमांश, प्रत्येक मुलाला दोन पंचमांश. तिघांची बेरीज सात पंचमांश, म्हणजे शंभर टक्क्यांच्या वर. मग त्याच प्रमाणात कमी करतात. वहिनींना तीन सप्तमांश, सुमारे ५,७८६. प्रत्येक मुलाला दोन सप्तमांश, सुमारे ३,८५७. विधवेला हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत, मुलाला २५ वर्षांपर्यंत, मुलीला लग्नापर्यंत. एकाचा हिस्सा बंद झाला की उरलेल्यांचा वाढतो.

वर्षाला १ लाख ६२ हजार. रेल्वेचे आठ लाख पाच वर्षांच्या आत भरून निघतात, आणि वहिनींचं वय पस्तिशीच्या आतलं असेल. शिवाय अंत्यविधीचे १५,००० वेगळे.

आणि पाकिटातले पाच हजार? त्यांचं गणितात काही नाही. मालकाने दर महिन्याला दोनशेच्या आत वर्गणी वाचवली, त्याची किंमत हे घर महिन्याला साडेचार हजारांनी मोजणार. त्याला आवाज चढवून बोलायचा काही अधिकार उरलेला नाही, हे माझं वैयक्तिक मत.

ग्रॅच्युइटी विसरू नका. मृत्यू असेल तर पाच वर्षांचीही अट नाही, इथे तर नऊ आहेत. बेसिक आणि डीए मिळून १५,००० असेल तर अंदाजे ७८ हजार. ती मालकाने द्यायची, दीड लाखाच्या 'मदती'त मुरवू देऊ नका.

---

भिडू_वांद्रे | १० डिसेंबर, रात्री ९:४०

मान गये. मग आठ लाखही घ्या आणि पेन्शनही घ्या, अडचण काय?

---

काळा_डगला | ११ डिसेंबर, सकाळी ८:०५

अडचण कलम ५३. ईएसआय कायदा म्हणतो, विमाधारकाला किंवा आश्रितांना एम्प्लॉयमेंट इंज्युरीबद्दल मालकाकडून 'किंवा अन्य कोणाही व्यक्तीकडून' दुसऱ्या कायद्याखाली भरपाई मिळणार नाही. आपण ५१-ई लावून हीच एम्प्लॉयमेंट इंज्युरी आहे म्हणतोय. मग रेल्वेचा वकील उद्या उठून ५३ वाचून दाखवेल. मोटार अपघातांच्या दाव्यांत हे झालेलं आहे.

---

स्वराली_म | ११ डिसेंबर, सकाळी ११:३०

असहमत, निदान अर्धी. रेल्वे कायद्याचं कलम १२८ वाचा. पोटकलम १: एकाच अपघातासाठी दोनदा भरपाई नाही. पण पोटकलम २: करारातून, योजनेतून किंवा विमा पॉलिसीतून मिळणाऱ्या रकमेला धक्का नाही. ईएसआय हा विमाच आहे. नवऱ्याने स्वतःच्या पगारातून ०.७५ टक्के भरले, मालकाने ३.२५. ती रेल्वेने दिलेली भरपाई नव्हे. मी हा मुद्दा मांडते आणि मांडत राहीन.

---

काळा_डगला | ११ डिसेंबर, दुपारी १२:१०

मांडा, मुद्दा चांगलाच आहे. पण चाचणीसाठी ही बाई नको. माझं म्हणणं एवढंच: आधी ईएसआयसी, कारण रक्कम तिथे मोठी आणि आयुष्यभराची. ती सुरू झाली की रेल्वेची मुदत संपायच्या आत, म्हणजे पुढच्या सप्टेंबरआधी, सगळं उघड सांगून ट्रायब्युनलमध्ये अर्ज. लपवून नाही. उलटा क्रम लावलात, आधी आठ लाख उचलले, तर ५३चा वापर ईएसआयसी तुमच्यावर करेल की नाही हे बघत बसावं लागेल, आणि तोवर मुलांची फी कोण भरणार?

---

स्वराली_म | ११ डिसेंबर, दुपारी १२:२५

क्रमाबद्दल मान्य.

---

यूएएन_काका | ११ डिसेंबर, दुपारी २:५०

पीएफचं कोणीच बोललं नाही, ते माझ्याकडे.

भावाचं नॉमिनेशन बाद आहे. पीएफ योजनेच्या परिच्छेद ६१ प्रमाणे, कुटुंब नसताना केलेलं नॉमिनेशन लग्न होऊन कुटुंब झालं की आपोआप रद्द धरतात. आईवडील तेव्हा हयात असते आणि त्याच्यावर अवलंबून असते तर थोडा वाद झाला असता, म्हणून त्यांच्या मृत्यूचे दाखले आणि नॉमिनेशनची तारीख जवळ ठेवा. भाऊ पीएफच्या व्याख्येत 'कुटुंब' नाहीच. वैध नॉमिनेशन नसेल तर रक्कम कुटुंबीयांत समान वाटली जाते: वहिनी आणि दोन्ही मुलं. त्यासाठी कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. दिराकडून 'माझा हक्क नाही, हरकत नाही' असं लेखी घेतलंत तर काउंटरवरचं निम्मं बोलणं वाचतं.

मृत्यूसाठी एकच कॉम्पोझिट फॉर्म आहे, त्यात तीन गोष्टी एकत्र मागता येतात: पीएफची शिल्लक, ईडीएलआयचा (पीएफला जोडलेला) विमा आणि पेन्शन. ईडीएलआयबद्दल लोकांना माहीतच नसतं, कारण कामगाराच्या पगारातून त्याचं काही कापत नाहीत. कमाल ७ लाख. शेवटच्या बारा महिन्यांचं सरासरी वेतन, १५ हजारांची मर्यादा धरून, गुणिले ३५, अधिक शिलकेच्या निम्मे पण १ लाख ७५ हजारांपर्यंत. इथे नुसता पहिला भागच सव्वापाच लाख होतो. विधवा पेन्शनला नॉमिनेशन लागत नाही आणि दहा वर्षांची नोकरीही लागत नाही. मुलांना विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के, प्रत्येकी, २५ वर्षांपर्यंत. ५३ वगैरेची भानगड इथे लागू नाही, बिनधास्त मागा.

नावं जुळतात का ते आधी तपासा. आधारवर एक, पीएफला एक, मुलांच्या जन्मदाखल्यावर तिसरंच. हजार केसेस कायद्यावर नाही, वेलांटीवर अडतात. मालक सही देत नसेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट'च्या शिबिरात कागद घेऊन जा. ऑनलाइन तक्रारही टाका, नंबर मिळतो.

---

खारीचा_वाटा | १९ डिसेंबर, रात्री १०:२०

ताजी खबर. ईएसआयसीत फॉर्म १५ दिला, पोच मिळाली. काउंटरवर आधी "एम्प्लॉयरचा रिपोर्ट आणा"च ऐकलं. मी ५१-ईचं कलम छापून नेलं होतं, त्याच्यासोबत आकडेमोड यांनी सुचवल्यासारखी पगाराची स्लिप आणि स्वरालीताईंनी सांगितलेला वेळांचा कागद. मॅनेजरबाईंनी वेळांचा कागद दोनदा वाचला आणि चौकशी लावते म्हणाल्या. स्टेशनचा मेमो मिळालाय, गाडीची वेळ आणि शिफ्ट यांत बरोबर पाऊण तासाचं अंतर बसतं.

मालकाने आज फोन करून विचारलं, "चौकशीला माणूस येणार आहे का?" आवाज बराच खाली होता. हजेरीपत्रक देतो म्हणाला. दीड लाखाचं बोलला नाही.

एक राहिलं: मुलांच्या हिश्श्याचे पैसे कुठे जमा होतील? वहिनींचं खातं जन-धनचं आहे, दिराला वाटतं सगळं त्यातच घ्यावं.

---

आकडेमोड | १९ डिसेंबर, रात्री १०:४५

मुलांची वेगळी खाती उघडा, आई पालक. पुढे नातेवाइकांत कुरबूर झाली की कोणाचे किती हे पासबुकच सांगतं. जन-धनच्या खात्यात केवायसी अर्धवट असेल तर मोठी रक्कम अडते, ते आधी पूर्ण करा.

---

परांचीवाला | २० डिसेंबर, सकाळी ९:३०

धागा भरकटवतोय, माफ करा. माझा चुलतभाऊ, वय ३०, गोरेगावला साइटवर प्लास्टरिंगला होता. दिवाळीच्या आधी परांचीवरून पडून गेला. ईएसआयसी नाही, पीएफ नाही, काही नाही. ठेकेदाराने वहिनीच्या हातात ५० हजार दिले आणि स्टॅम्प पेपर केला. आता काही होईल का?

---

काळा_डगला | २० डिसेंबर, सकाळी ११:००

होईल. ईएसआय नसेल तिथे १९२३ चा नुकसानभरपाई कायदा, अपघात २१ नोव्हेंबरच्या आधीचा म्हणून तोच. वेतन १५ हजारांपर्यंत धरतात, त्याचे निम्मे ७,५००, गुणिले वयाचा गुणक. तिशीला तो २०७.९८. म्हणजे साडेपंधरा लाखांच्या आसपास. महिन्याच्या आत दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड.

मृत्यूच्या प्रकरणात भरपाई या कायद्याखालच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. परस्पर हातात दिलेले पैसे कायद्याने भरपाई धरत नाहीत, कलम ८. त्यामुळे तो स्टॅम्प पेपर ठेकेदाराच्याच विरुद्ध पुरावा आहे की भाऊ त्याच्याकडे कामाला होता. जपून ठेवा, मूळ प्रत मिळाली तर उत्तम. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी होती का तेही बघा, तिथलं वेगळं मिळतं.

ठेकेदाराचं नाव-पत्ता आहे?

---

परांचीवाला | २० डिसेंबर, सकाळी ११:२०

नाव आहे. पत्ता नाही, फोन बंद येतोय.

---

काळा_डगला | २० डिसेंबर, सकाळी ११:२५

मग साइटच्या बाहेर बिल्डरचा बोर्ड असेल, त्याचा फोटो काढा आज. महारेरा नंबर असेल त्यावर. १९२३ च्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ज्याचं काम चाललं होतं त्यालाच आपण पहिला प्रतिवादी करू, ठेकेदाराला तो शोधेल.